चेनसॉचा क्लच आणि चेन ब्रेक : घरी खोलून साफ करताना

हापूसवाला

परवा बागेत जुन्या कलमांच्या वरच्या फांद्या उतरवत होतो. मध्ये पाणी प्यायला मशीन खाली ठेवलं. थ्रॉटल, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडलेला, इंजिन नुसतं गुरगुरत होतं (यालाच आयडल म्हणतात), आणि चेन मात्र सरकत होती. जोरात नाही, पण थांबतही नव्हती. कामावरचा गडी म्हणाला, "दादानू, ती तशीच फिरता, चवथीपासून."

तिथल्या तिथे काम बंद केलं. आयडलला चेन फिरत असेल आणि उतरताना पाय घसरला, तर ती थेट मांडीत जाते. चतुर्थीपासून इतके महिने हे चाललं होतं आणि मला माहीत नव्हतं, याचा रात्री झोपताना फार त्रास झाला.

मशीन ५८ सीसीचं म्हणून विकतात ते चायनीज, २२ इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी). दोन हंगाम झालेत. घरीच खोललं. काय दिसलं ते सविस्तर लिहितो, आणि शेवटी जिथे अडलोय तेही.

आधी रचना. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिन फिरवतं त्या दांड्याच्या, टोकावर क्लच बसतो. त्यात शू, म्हणजे घर्षणाचे ठोकळे, असतात आणि त्यांना आत ओढून धरणारी स्प्रिंग. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला आतून घट्ट धरतात, ड्रम फिरतो आणि त्याच्या स्प्रॉकेटवरची (दातेरी चाकावरची) चेन पळते. आयडल मिनिटाला साधारण २,७०० ते ३,००० फेऱ्यांवर असतं. क्लच त्याच्या बराच वर गेल्यावर पकडतो. आणि त्याच ड्रमभोवती बाहेरून एक पोलादी पट्टी असते, ती चेन ब्रेकची. पुढचा हँडगार्ड पुढे ढकलला गेला की स्प्रिंग सुटते आणि पट्टी ड्रम आवळते. म्हणजे आतून क्लच, बाहेरून ब्रेक, मध्ये एकच ड्रम. त्यामुळे एकाची सर्व्हिसिंग करायची आणि दुसऱ्याला हात लावायचा नाही, असं यात जमत नाही.

खोलताना पहिली गोष्ट स्पार्क प्लगची टोपी काढली. मग गार्ड मागे ओढून ब्रेक सोडला, बारचे नट काढून कव्हर उतरवलं. आत भुसा आणि ऑइल मिळून झालेला काळा गोळा, चिक्कीसारखा कडक. आम्ही चेनला जळकं ऑइल वापरत होतो. ते घाण असतं आणि भुश्याबरोबर लिंपून बसतं, हे आता डोळ्यांनी बघितलं.

क्लच सुटता सुटेना. अर्धा तास उलट्या बाजूने जोर लावला. नंतर कळलं की याचे आटे डावे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतो. सुटल्यावर पाहिलं तर स्प्रिंगचं एक टोक तुटलेलं. शू अर्धवट बाहेर लोंबतो आणि आयडललाच ड्रमला घासतो. चेन फिरत होती ती यामुळे.

आता अडचण. काम करताना पोराने कव्हर हातात घेऊन आतला लिव्हर दाबला, 'खट्' आवाज आला आणि पट्टी आवळली गेली. आता कव्हर ड्रमवर बसतच नाही. हातानं पट्टी तसूभर फाकत नाही. काय करावं?

पाना१३

दादा, घाबरू नका. ब्रेक कव्हरमध्ये असतो त्या सगळ्या मशिनांत हे होतं. हुस्कवर्ना कंपनीच्या पुष्कळ मॉडेलांतही ब्रेक कव्हरमध्येच आहे आणि तिथेही लोक असेच अडकतात.

पट्टी फाकवायला जाऊ नका, ती वाकली तर गेली. कव्हरमध्ये हँडगार्ड ज्या लिव्हरला पकडतो ते टोक शोधा. ब्रेक लागलेला असताना स्प्रिंग सुटलेली असते; तुम्हाला तो लिव्हर उलटा ओढून स्प्रिंग परत दाबून बसवायची आहे. कव्हर मशिनीजवळ तिरकं धरून गार्डची खाच त्या टोकात अडकवा आणि गार्ड मागे ओढा. नाहीतर कव्हर लाकडाच्या दोन फळ्यांमध्ये शिकंज्यात धरा आणि मशिनीबरोबर आलेला पाना त्या टोकात घालून ओढा. परत 'खट्' आवाज येईल आणि पट्टी सैल पडेल.

दोन सूचना. बोटं पट्टीच्या आत अजिबात नकोत. आणि डोळ्यांवर चष्मा हवा, ती स्प्रिंग फार ताकदीची असते.

हापूसवाला

बसला! शिकंज्यात धरून ओढला, दुसऱ्या प्रयत्नात बसला. पाना१३, मनापासून आभार. पोराला आता सांगितलंय की कव्हर उतरवल्यावर लिव्हरला हात नाही.

दुरुस्तीवाला

माझं कुडाळकडे छोट्या इंजिनांच्या दुरुस्तीचं काम आहे. फवारणी पंप, गवतकापणी यंत्रं आणि चेनसॉ. या विषयावर थोडं लांब लिहितो, कारण माझ्याकडे येणारी निम्मी बिघडलेली मशिनं ही क्लच चुकीचा खोलल्याने बिघडलेली असतात.

डाव्या आट्यांचं कारण समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. क्लचच्या बाजूने बघितलं तर इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं. चेनचा भार क्लचला उलट ओढतो. आटे डावे असल्याने तो भार क्लच आणखी घट्ट करतो, सैल करत नाही. म्हणून बसवताना फार ताकद लावायची गरज नसते, काम करता करता तो स्वतःच बसतो. बऱ्याच क्लचवर सोडवायच्या दिशेचा बाणही कोरलेला असतो. घाण पुसली की दिसतो.

क्लच फिरवताना क्रँक फिरू नये म्हणून पिस्टन अडवावा लागतो. इथेच लोक वाट लावतात. फ्लायव्हीलच्या पंख्यात स्क्रूड्रायव्हर खुपसून धरतात आणि पंख तुटतात. मग मशीन थरथरतं आणि तापतं. माझी पद्धत दोरीची. प्लग काढा. स्टार्टरची दोरी हळू ओढत पिस्टन वर येताना बघा. एक्झॉस्टचं (धूर बाहेर जायचं) भोक पिस्टनने पूर्ण झाकल्यावरच प्लगच्या भोकातून स्वच्छ नायलॉन दोरी आत सारा, टोकाला गाठ मारून, आणि दुसरं टोक बाहेर ठेवा. पिस्टन खाली असताना दोरी भरली तर ती एक्झॉस्टच्या भोकात अडकते, पिस्टनची कड तिला कापते आणि तुकडा आत राहतो. झाकलंय याची खात्री करूनच दोरी घाला. मग क्लच घड्याळाच्या दिशेने फिरवा. पिस्टन दोरीवर दाबला जाऊन थांबेल आणि क्लच सुटेल.

छिन्नी-हातोडा नको. शूच्या कडेला छिन्नी लावून ठोकलेले क्लच मी आठवड्याला एक बघतो. शू ओतीव असतो, त्याला बारीक तडा गेला तर तो कधी ना कधी १०,००० फेऱ्यांवर फुटणार आणि तुमच्या गुडघ्याजवळ फुटणार.

आता बघायचं काय. स्प्रिंग बदलायची तर सगळ्या एकदम, एक नवी एक जुनी नाही. नाहीतर शू एकसारखे बाहेर येत नाहीत. शूचा घर्षणाचा भाग चकचकीत आरशासारखा झाला असेल तर पॉलिश पेपरने हलका खरवडा. ऑइल लागलं असेल तर पेट्रोलने धुवून पूर्ण वाळवा, आणि वाळेपर्यंत मशीन सुरू करू नका. ड्रमला आतून निळा-जांभळा रंग आलेला दिसला तर तो खूप तापलाय. रंग हलका असेल तर चालतो, पण ड्रमला आत खोल चर पडले असतील किंवा तडा दिसला तर बदला.

स्प्रॉकेटच्या दातांवर चेनने केलेली खाच साधारण ०.५ मिमीपर्यंत चालते, त्यापुढे नवी चेनसुद्धा लवकर खराब होते. दोन चेन संपल्या की स्प्रॉकेट बदला, हा सोपा हिशोब.

निडल बेअरिंग. सगळे विसरतात ते हेच. ड्रमच्या मध्ये बारीक सुयांसारख्या रोलरचं बेअरिंग असतं. ते कोरडं पडलं की आयडललाही क्रँक ड्रमला ओढत नेते आणि चेन फिरते. मग लोक क्लच बदलत बसतात. साफ करून बेअरिंगचं चांगलं ग्रीस थोडंसं लावा. थोडंसंच. जास्त लावलं तर फिरताना उडून शूवर जातं आणि क्लच घसरतो. रोज काम असेल तर आठवड्यातून एकदा.

सुपारीबाग

श्रीवर्धनकडून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा वाडीत माड-पोफळी अक्षरशः काडेपेटीतल्या काड्यांसारख्या पडल्या होत्या. त्यानंतर आमच्या आळीत तीन मशिनं आली. शिकवणारं कुणी नव्हतं.

दुरुस्तीवाला यांनी सांगितलं त्यात माडाची भर घालतो. माड-पोफळीचा भुसा हा भुसा नसतोच, दोरे असतात. ते स्प्रॉकेटभोवती गुंडाळतात, कव्हरमध्ये बोंडासारखे भरतात आणि पट्टी आणि ड्रमच्या मध्ये जाऊन बसतात. पट्टी मग पूर्ण सुटत नाही, घासत राहते, ड्रम तापतो आणि धूर निघतो. माड तोडत असाल तर प्रत्येक झाडानंतर कव्हर उघडून हातभर दोरे ओढून काढावे लागतात. आम्ही पहिल्या चार दिवसांत एक क्लच जाळला तो असा.

बाभूळबन

माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे सांगलीच्या बाजूला बाभूळ, कडुनिंब अशी कडक लाकडं. चेन ब्रेक सारखा लागतो, गार्डला फांदी घासली तरी लागतो. वैतागून मी पट्टीच काढून टाकली. तीन वर्षं झाली, काही झालं नाही. जाणत्या माणसाला ब्रेकची काय गरज? हात पक्का असला म्हणजे झालं.

दुरुस्तीवाला

भाऊ, तुमच्यावर राग नाही, पण हे वाचून मला काळजी वाटली म्हणून स्पष्ट लिहितो.

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग कशाला तरी टेकला, लपलेली फांदी असो की शेजारचं खोड, की चेन तिथे अडखळते आणि सगळा जोर बार वर आणि मागे, तुमच्या मानेकडे फेकण्यात जातो. किकबॅक म्हणतात तो हा. जाणता माणूस आणि नवखा माणूस, दोघांच्या हाताला तो एकाच वेगाने येतो. ब्रेक चांगला असेल तर चेन थांबायला सरासरी ०.१२ सेकंद आणि जास्तीत जास्त ०.१५ सेकंद, असं आंतरराष्ट्रीय मानकच आहे. माणसाचं डोकं "काहीतरी झालं" असं समजायच्या आत चेन थांबलेली असते. पक्का हात तेवढ्या वेळात काही करू शकत नाही.

ब्रेक दोन प्रकारे लागतो. बार उसळल्यावर तुमच्या डाव्या मनगटाचा मागचा भाग गार्डवर आपटतो म्हणून, किंवा उसळीच्या झटक्याने गार्ड स्वतःच्या वजनाने पुढे जातो म्हणून. या दोन्हींसाठी पट्टी जागेवर हवी.

आणि तुमचा ब्रेक 'सारखा लागतो' त्याचं कारण शोधा. बहुतेक वेळा लिव्हरची खाच किंवा पिन झिजलेली असते, नाहीतर सांध्यात घाण भरून लिव्हर पूर्ण मागे जात नाही आणि अर्ध्यावर टेकून राहतो. दोन्ही दुरुस्त होतं. मशीन घेऊन या किंवा जवळच्या कुणाकडे जा, पण पट्टी बसवल्याशिवाय उद्या कामाला जाऊ नका.

सुपारीबाग

बाभूळबन भाऊ, माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. पडलेल्या फणसाच्या फांद्या छाटत होता. पाचोळ्याखाली खोडाचा ठोंब होता, तो दिसला नाही. बारचं टोक त्यावर लागलं. मी तीन हातांवर उभा होतो. मला फक्त आवाज बदललेला ऐकू आला आणि पाहिलं तर बार त्याच्या खांद्याशेजारी होता, चेन थांबलेली. शर्टाची कॉलर फाटली होती, कातडीला ओरखडा नव्हता. तो त्यानंतर एक तास वाडीत नुसता बसून होता. आदल्याच रविवारी आम्ही पट्टी धुवून साफ केली होती.

बाभूळबन

वाचलं. पट्टी डब्यात ठेवली आहे. आज बसवतो. लिव्हरचा सांधा कसा साफ करायचा तेवढं सांगा.

पाना१३

शाब्बास भाऊ. रॉकेल आणि जुना टूथब्रश, बाकी काही लागत नाही. सांध्यात हवा मारा, घाण गेल्यावर फक्त पिनच्या जागी ऑइलचा एक थेंब. पट्टीवर आणि ड्रमच्या बाहेरच्या बाजूला ऑइल, ग्रीस काहीच नको. हात लागला असेल तर पेट्रोलच्या फडक्याने पुसून घ्या.

पट्टी डब्यात तीन वर्षं होती म्हणता तर जाडी मोजा. हुस्कवर्नाच्या पुस्तिकेत सगळ्यात झिजलेल्या जागी किमान ०.६ मिमी असं दिलंय. कॅलिपर नसेल तर सोनाराकडे किंवा लेथवाल्याकडे मोजून मिळते.

माडाखाली

काका, एक विचारते. आमच्याकडे स्टिल कंपनीचं एमएस १८० मॉडेल आहे, बाबा वापरतात, सत्तरीचे आहेत. त्यात कव्हर काढलं तर ब्रेकची पट्टी दिसलीच नाही. ड्रम एकदम बाहेर दिसतो. काही काढून टाकलेलं आहे का? आम्ही ते जुनं विकत घेतलं होतं म्हणून शंका येते.

दुरुस्तीवाला

नाही ताई, काळजी करू नका. त्या मॉडेलमध्ये रचना उलट आहे. ब्रेक कव्हरमध्ये नसून मशिनीच्या अंगात आहे, पट्टी ड्रमच्या मागच्या भागाभोवती असते. ड्रम बाहेर, क्लच त्याच्या आत. म्हणून कव्हर काढल्यावर क्लचही दिसत नाही.

काढायचं असेल तर आधी गार्ड हँडलकडे ओढून ब्रेक सोडा, नाहीतर ड्रम निघणार नाही. शाफ्टच्या टोकाची ई-आकाराची क्लिप स्क्रूड्रायव्हरने उचकटा, वर फडकं धरून, कारण ती उडून गवतात गेली की मिळत नाही. मग वॉशर, ड्रम, निडल बेअरिंग या क्रमाने निघतं. रोजच्या साफसफाईला इतकंच पुरे, क्लच काढायची गरज नाही.

परत बसवताना एक गोष्ट नीट बघा. ड्रमच्या मागे ऑइल पंपाला फिरवणारी वर्म (आट्यांचं छोटं गिअर) असते, तिच्या तारेचं वाकडं टोक ड्रमच्या खाचेत बसलं पाहिजे. ते न बसवता ड्रम दाबून क्लिप लावली तर चेनला ऑइल मिळत नाही, बार तापून निळा पडतो, आणि लोक पंप बदलायला निघतात. ड्रम किंचित मागेपुढे फिरवत बसवा, टोक खाचेत पडल्याचं हाताला कळतं.

पट्टी बघायला ड्रम निघाल्यावर आत डोकावलं की झालं. स्प्रिंग स्वतः काढू नका.

माडाखाली

समजलं काका. बाबांना वाचून दाखवते.

हापूसवाला

नवी स्प्रिंग बसवली, निडल बेअरिंगला ग्रीस लावलं, आयडल नीट लावला. सुरू करून आयडलचा स्क्रू उलटा फिरवत गेलो, चेन पूर्ण थांबेपर्यंत, आणि मग आणखी थोडा. इंजिन बंद पडत नाही आणि चेन हलत नाही.

आता एक शंका. आम्ही सुरू करताना ब्रेक लावूनच दोरी ओढतो, तसंच शिकवलं होतं. मग क्लच जळण्याचं कारण तेच तर नाही?

पाना१३

ब्रेक लावूनच सुरू करायचं, ते बरोबर शिकवलंय. चूक पुढे होते. थंड मशीन सुरू करताना थ्रॉटल अर्धा अडकलेला असतो, त्यामुळे सुरू होताच फेरे चढतात आणि क्लच आवळलेल्या ड्रममध्ये घासू लागतो. म्हणून सुरू होताच थ्रॉटल एकदा दाबून सोडायचा म्हणजे आयडलला येतो, आणि लगेच ब्रेक सोडायचा. "जरा गरम होऊ दे" म्हणून ब्रेक लावलेला ठेवून रेस करणारे बरेच आहेत. तेवढ्यात ड्रम लाल होतो आणि आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं. धूर येण्याची बाकी कारणं म्हणजे चेन फार ताणलेली असणं, चेन बोथट असताना मशीन लाकडावर दाबून धरणं, आणि पट्टी पूर्ण न सुटणं.

दुरुस्तीवाला

आता तपासणी, ती केल्याशिवाय झाडाखाली जाऊ नका. पहिली इंजिन बंद ठेवून: गार्ड मागे ओढून ब्रेक सोडा आणि चेन हातमोजा घालून ओढा, मोकळी सरकली पाहिजे. गार्ड पुढे ढकला, आता चेन जागची हलता कामा नये.

दुसरी, ठोंबावरची, तीही इंजिन बंद. ब्रेक सोडलेला. मशीन दोन्ही हातांनी ठोंबाच्या हातभर वर धरा, पुढचं हँडल सोडा, मागच्या हाताभोवती बार आपल्या वजनाने खाली पडू द्या. टोक ठोंबावर आपटताच ब्रेक लागला पाहिजे.

तिसरी इंजिन सुरू ठेवून: मशीन घट्ट धरा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि डावं हँडल न सोडता मनगट पुढे झुकवून गार्ड ढकला. चेन त्याच क्षणी थांबली पाहिजे. थांबली की थ्रॉटल लगेच सोडा. चेन सरकत सरकत थांबली तर ब्रेक नापास.

पावसाळ्यात मशीन चार महिने माळ्यावर राहतं आणि आपल्या खाऱ्या हवेत गार्डचा सांधा गंजतो. त्यामुळे पावसानंतर पहिल्या दिवशी दुसरी तपासणी करा. माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत ब्रेक चालत नाही तो बहुतेक त्या गंजलेल्या सांध्यामुळे.

हापूसवाला

तिन्ही केल्या. पहिली आणि तिसरी पास. ठोंबावरच्या तपासणीत पहिल्या दोन वेळा ब्रेक लागला नाही. सांधा रॉकेलने पुन्हा धुतला, त्यातून गंजाची लाल पूड निघाली, मग सलग पाच वेळा लागला. गड्याला बोलावून त्याच्या हातूनही करून घेतला. आता कामाच्या दिवशी सकाळी चहाआधी तोच ठोंबावर करून दाखवतो.

बाभूळबन

पट्टी मोजली. लेथवाल्याने ०.५ सांगितली. नवी मागवली आहे, शुक्रवारी येईल म्हणतात. तोवर बांधावरची बाभूळ उभी राहू दे.

माडाखाली

बाबांनी ड्रम काढला, मी टॉर्च धरला. पट्टी जागेवर आहे आणि चांगली आहे. ऑइलच्या तारेचं टोक मात्र खाचेच्या बाहेर होतं, आधीच्या माणसाने तसंच दाबून बसवलं असणार. बार दोन वर्षं का तापत होता ते आज कळलं. बसवल्यावर पांढऱ्या कागदासमोर चेन धरून रेस केली तर ऑइलची रेघ उमटली. कागद बाबांनी जपून ठेवलाय.